आतड्यातली फायरवॉल: अँटीमायक्रोबियल पेप्टाइड म्हणजे काय?

फोनमधलं कोणतं अ‍ॅप कुठवर जाऊ शकतं, हे परमिशन ठरवते. आपल्या आतड्यातही तसंच आहे. तिथे लाखो कोटी बॅक्टेरिया राहतात. त्यांना राहायची परवानगी आहे, रक्तात शिरायची नाही. ही हद्द राखणारे छोटे प्रथिनांचे तुकडे म्हणजे अँटीमायक्रोबियल पेप्टाइड.

ती कुठे तयार होतात?
लहान आतड्याच्या अस्तरात बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशी डिफेन्सिन नावाची पेप्टाइड सोडतात. जोसेफ पॅनेथ यांनी १८८८ मध्ये या पेशींचं सविस्तर वर्णन केलं होतं.

काम कसं चालतं?
या पेप्टाइडवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, तर बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणावर निगेटिव्ह. पेप्टाइड तिथे चिकटतं आणि आवरणाला भोक पाडतं. त्यामुळे बॅक्टेरिया अस्तरापासून चार हात लांब राहतात.

शुगरशी काय संबंध?
ही हद्द कमजोर झाली की बॅक्टेरियाच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपतात. शरीरात मंद सूज राहते आणि पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. २००७ मध्ये पॅट्रिस कानी यांच्या टीमने उंदरांना चार आठवडे खूप चरबीचं खाणं दिलं. त्यांच्या रक्तात हे तुकडे दोन ते तीन पट वाढले.

"मी तर बारीक आहे!"
पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच होता: २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के. ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. म्हणजे आत काय चाललंय, ते वजनकाटा सांगत नाही.

मग करायचं काय?
- फायबर खा. आतड्यातले बॅक्टेरिया त्यापासून ब्युटिरेट बनवतात आणि ब्युटिरेटमुळे काही पेप्टाइड जास्त तयार होतात. माणगावकरांना त्यासाठी महागडी पावडर नको. कडव्या वालाची उसळ, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी आहेच.
- वडापाव कधीतरी ठीक, पण रोजचं जेवण म्हणून नको.
- मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने उपयोगी बॅक्टेरियाही मरतात.
- घरात कुणाला शुगर असेल, तर बारीक असलात तरी रक्त तपासून घ्या.

'पेप्टाइड' लिहिलेली कॅप्सूल रीलमध्ये दिसली तर लगेच ऑर्डर करू नका. डिफेन्सिन देऊन शुगर सुधारल्याचे प्रयोग उंदरांवरचे आहेत. कुणाचं औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.