मत्स्यखाद्यातला फॉस्फरस : गोणीत किती, माशाच्या अंगी किती?

मीरा रोड : उत्तन-भाईंदरची सुकी मासळी असो की पालघरच्या भातगिरणीतला कोंडा, मत्स्यखाद्याचा कच्चा माल आपल्या भागात सहज मिळतो. पण त्यात फॉस्फरस भरपूर आहे म्हणून तो माशाला मिळतोच, असं नाही.

गरज का?
कॅल्शियम मासा पाण्यातून घेतो. फॉस्फरस पाण्यात फार थोडा, तो खाद्यातूनच द्यावा लागतो. कमी पडला की वाढ खुंटते, हाडं कमकुवत होतात, डोक्याचा आणि कण्याचा आकार बिघडतो. सायप्रिनसच्या खाद्यात ०.६ ते ०.७ टक्के 'उपलब्ध', म्हणजे पचणारा, फॉस्फरस लागतो.

कोंडा, पेंड
धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो सोडवणारं फायटेज एन्झाइम माशाच्या आतड्यात जवळजवळ नसतं. १०० किलो तांदळाच्या कोंड्यात साधारण दीड किलो फॉस्फरस असतो; त्यातला जेमतेम पाव हिस्सा सायप्रिनसच्या अंगी लागतो.

सुक्या मासळीची भुकटी
हाडातला फॉस्फरस विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. रोहू, कटला, सायप्रिनस यांना जठरच नाही. त्यामुळे भुकटीतला १० ते ३३ टक्केच फॉस्फरस सायप्रिनसला मिळतो. तिलापियाला जठर आहे, म्हणून त्याला जास्त मिळतो.

फॉस्फेट पावडर (सायप्रिनसमधली उपलब्धता)
- मोनोकॅल्शियम : ९४ टक्के
- डायकॅल्शियम (डीसीपी) : ४६ टक्के
- ट्रायकॅल्शियम : १३ टक्के

न पचलेला जातो कुठे?
विष्ठेतून तळ्यात. शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. मग पहाटे ऑक्सिजन घटतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. म्हणजे पैसाही गेला आणि मासळीही धोक्यात.

उपाय काय?
खाद्यात फायटेज घालता येतं, पण गोळी खाद्य बनवतानाच्या उष्णतेनं ते निकामी होऊ शकतं. म्हणून गोळ्या गार झाल्यावर फवारतात. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेनं रोहूच्या पिल्लांवर प्रयोग केले. त्यात फायटेजसोबत सायट्रिक ॲसिड दिल्यावर खनिजांचा वापर सुधारला.

खाद्य घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : गोणीवरचा आकडा एकूण फॉस्फरसचा की उपलब्ध फॉस्फरसचा? आणि त्यात फॉस्फेट कोणतं? डीसीपी स्वस्त पडत असेल, तर पचणाऱ्या फॉस्फरसमागे किती पैसे पडतात ते काढूनच भाव ठरवा.