नैरोबीची मतातू आणि उतारूचा आवाज

केनियाची राजधानी नैरोबी. तिथल्या रस्त्यावर ‘मतातू’ भेटली नाही असं व्हायचं नाही. मतातू म्हणजे रंगीबेरंगी, गाणी लावून धावणारी भाड्याची छोटी गाडी. स्वाहिलीत ‘तातू’ म्हणजे तीन. दहा-दहा सेंटची तीन नाणी दिली की जागा मिळे, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

१९३४ पासून शहरातली बसवाहतूक एका कंपनीच्या हाती होती. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. खेड्यांतले लोक शहराकडे लोटले आणि बसगाड्या पुऱ्या पडेनात. मग जुन्या मोटारींतून चोरून उतारू नेणं सुरू झालं. १९७३ साली अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी फर्मान काढून ही वाहतूक परवान्याशिवाय खुली केली. गरिबांची मोठी सोय झाली. पण फेऱ्या जास्त तर कमाई जास्त! तेव्हा भरधाव हाकणं आणि माणसं कोंबणं ओघानंच आलं. कितीतरी जीव गेले.

फेब्रुवारी २००४ मध्ये वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांचे कडक नियम लागू झाले. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत, प्रत्येक आसनाला पट्टा, लहान गाडीत १४ च उतारू, चालक-वाहकांना गणवेश. गाड्यांना शिस्त आली. पण पुढं पकड सैल होत गेली. चौकी मागं पडल्यावर चालकाला आवरायचं कुणी?

उत्तर गाडीतच होतं. काही संशोधकांनी लांब पल्ल्याच्या मतातूंत साध्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चालक बेफाम हाकत असेल तर गप्प बसू नका, बोला, एवढाच त्यांचा मजकूर. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या लावलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे निदान निम्म्यानं घटले होते. पुढच्या मोठ्या प्रयोगात घट कमी दिसली, पण दिसली.

पुढं नैरोबीत फोनवरून बोलावण्याच्या टॅक्सीही आल्या. फोनवर चालकाचं नाव आणि गाडीचा क्रमांक येतो. पण तो समोरच्या गाडीशी ताडून पाहणं उतारूच्याच हाती असतं. क्रमांक जुळला तरच बसावं, निघताना घरी कळवावं, आणि वेग वाढला तर, “सावकाश चला, दादा,” असं म्हणायला संकोचू नये. एकानं तोंड उघडलं, की बाकीच्यांनाही धीर येतो.