अॅमेझॉनच्या जंगलाखालचा नकाशा

लेफ्टनंट कर्नल पर्सी फॉसेट हा मुळात मोजणीदार. ब्रिटिश लष्करातील हा अधिकारी १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीमार्फत बोलिव्हिया आणि ब्राझील यांच्यातील सीमा आखण्यासाठी दक्षिण अमेरिकेत गेला आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे त्या जंगलाने त्याला सोडले नाही. अॅमेझॉनच्या अरण्यात एक प्राचीन नगर दडलेले आहे, अशी त्याची खात्री झाली होती. या नगराला त्याने 'झेड' एवढेच नाव दिले होते. १९२५ मध्ये थोरला मुलगा जॅक आणि जॅकचा एक मित्र यांना सोबत घेऊन तो ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतात शिरला. तिघांपैकी कोणीही परतले नाही.

फॉसेटचा माग शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात संपतो. दैवाचा खेळ असा, की जागेच्या बाबतीत तो फारसा चुकला नव्हता. चुकले होते ते त्याच्या मनातील चित्र. दगडी कमानी आणि पुतळे यांचे वर्णन असलेल्या १७५३ सालच्या एका पोर्तुगीज हस्तलिखिताचा त्याच्यावर प्रभाव होता. ज्या खोऱ्यात तो नाहीसा झाला तेथे खरोखरच मोठ्या वसाहती होत्या. पण त्या माती आणि लाकूड यांच्या होत्या, आणि त्यांच्यावरून तो बहुधा चालतही गेला असावा. ज्यांच्या गावात त्याने मुक्काम केला, त्या आदिवासींचे पूर्वजच त्या वसाहतींचे निर्माते होते.

अॅमेझॉनच्या जंगलात कधी काळी दाट वस्ती होती, ही गोष्ट विसाव्या शतकातील बहुतेक विद्वानांना मान्य नव्हती. वास्तविक तिचा पुरावा सोळाव्या शतकापासून उपलब्ध होता. फ्रान्सिस्को दे ओरेयाना या स्पॅनिश सरदाराने १५४१-४२ मध्ये ही नदी उतरून समुद्र गाठला, तेव्हा त्याच्या सोबतच्या गास्पार दे कार्व्हाहाल या धर्मगुरूने काठावरील मोठमोठ्या गावांची नोंद केली होती. मात्र याच बखरीत स्त्रीयोद्ध्यांशी झालेल्या लढाईचीही हकिगत आहे (नदीचे नाव त्यावरूनच पडले), त्यामुळे सगळाच वृत्तान्त अतिशयोक्त ठरवला गेला. नंतर जे प्रवासी आले त्यांना तेथे विरळ वस्ती दिसली, कारण दरम्यानच्या काळात देवी, गोवर अशा युरोपातून आलेल्या साथींनी गावेच्या गावे ओस पाडली होती. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बेट्टी मेगर्स यांनी १९७१ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तर अशी मांडणी केली, की येथील निकस जमिनीवर मोठा समाज टिकणेच शक्य नाही. हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

या मताला धक्के देण्याचे काम आधी उत्खननाने सुरू केले. त्याला वेग आला तो लायडार या तंत्रामुळे. विमान किंवा हेलिकॉप्टरला बसवलेले उपकरण दर सेकंदाला लाखो लेझर किरण जमिनीकडे सोडते आणि प्रत्येक किरण परत येण्यास किती वेळ लागला हे मोजते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे वेळेवरून अंतर काढता येते. बहुतेक किरण झाडांच्या शेंड्यांवरूनच परततात. पण एखाद्या देवराईत भर दुपारी पालापाचोळ्यावर उन्हाचे कवडसे पडलेले असतात, तसे काही किरण पानांच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत पोहोचतात. संगणकावर फक्त या शेवटच्या किरणांची नोंद ठेवायची आणि बाकीची पुसून टाकायची. एकही झाड न तोडता जंगल बाजूला होते आणि उघड्या जमिनीचे चढउतार नकाशावर उमटतात.

श्रमांचा हिशेब पाहायचा तर मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातले काराकोल हे माया संस्कृतीचे नगर पाहावे. आर्लेन आणि डायेन चेस या संशोधक दांपत्याने तेथे पंचवीस वर्षे झाडी तोडत, पायी फिरत सुमारे २३ चौरस किलोमीटर भागाची मोजणी केली होती. २००९ मध्ये विमानातून काही दिवसांच्या उड्डाणांत जवळपास २०० चौरस किलोमीटरचा नकाशा हाती आला. अर्थात लायडारला कालगणना येत नाही. एखादा उंचवटा दोन हजार वर्षांपूर्वीचा की दोनशे, हे ठरवण्यासाठी उत्खननच करावे लागते. शिवाय ज्यांनी मातीची उलथापालथ केली नाही, त्यांच्या वस्त्या या नकाशात दिसतच नाहीत.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातील सर्वांत ठळक निष्कर्ष बोलिव्हियातून आला. लानोस दे मोहोस हा तेथील सखल माळ वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो. येथे इसवी सन ५०० ते १४०० या काळात नांदलेल्या संस्कृतीला 'कासाराबे' असे नाव आहे. जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हायको प्र्यूमर्स यांनी या भागात कित्येक वर्षे उत्खनन केले होते. पण सुटे उंचवटे एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे जमिनीवरून कळत नव्हते. २०१९ मध्ये हेलिकॉप्टरमधून पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ च्या मे महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण २६ वसाहतींची नोंद झाली, त्यांपैकी ११ पूर्वी अज्ञात होत्या. कोटोका ही १४७ हेक्टरांची, तर लांडिव्हार ही ३१५ हेक्टरांची. पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड चौथरे, त्यांवर मातीचे शंकूच्या आकाराचे मनोरे (सर्वांत उंच सुमारे २२ मीटरचा, म्हणजे सात मजली इमारतीएवढा), भोवती तटबंदी, आणि तेथून मैलोगणती दूर जाणारे, पुराच्या पाण्यावर राहतील असे बांधाचे सरळ रस्ते. जोडीला कालवे आणि तलाव. पुराशी भांडत न बसता पुरासह राहण्याची ही रीत पाहून पावसाळ्यात हतबल होणाऱ्या कोणत्याही शहरवासीयाला थोडा हेवा वाटावा.

इक्वेडोरमधील उपानो नदीचे खोरे त्याहून जुने. तेथे स्तेफान रोस्तँ यांच्या चमूने जानेवारी २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये सहा हजारांहून अधिक मातीचे चौथरे आणि त्यांना जोडणारे सरळसोट रस्ते जाहीर केले. ही वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे ५०० पासून हजारएक वर्षे टिकली होती.

परंतु या सर्व शोधांत शिंगूच्या खोऱ्यातील काम वेगळे आहे, कारण तेथे नकाशा काढणाऱ्यांमध्ये त्या भूमीचे रहिवासीही होते. फ्लोरिडा विद्यापीठाचे मायकेल हेकनबर्गर हे १९९० च्या दशकापासून कुइकुरो या जमातीसोबत काम करीत आले. जीपीएस यंत्र हातात घेऊन, जुन्या खंदकांच्या आणि रस्त्यांच्या कडेने चालत, त्यांनी एकेक वसाहत नोंदवली. २००३ आणि २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या लेखकांत कुइकुरोंचे प्रमुख अफुकाका यांचे नाव आहे. जुन्या वसाहतींच्या मधोमध गोल चौक, तेथून ठरावीक दिशांना फुटणारे रुंद रस्ते आणि बाहेर खंदक, अशी रचना होती. आजचे कुइकुरो गावही मध्ये गोल चौक ठेवूनच वसवलेले असते. पुरातत्त्वज्ञ ज्याचा अर्थ लावण्यात वर्षे घालवतात, तो आराखडा तेथे मुलांच्या पायाखाली आहे.

मातीच्या बाबतीतही असाच प्रकार आढळला. अॅमेझॉनमध्ये जागोजाग सुपीक काळी माती सापडते. ती जुन्या वस्त्यांच्या आसपासच असल्याने ती माणसाने केलेली असावी, असा तर्क होता. पण जाणूनबुजून की अनवधानाने, यावर वाद होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुइकुरो लोक राख, माशांचे अवशेष आणि कसावाचा चोथा टाकून अशी माती आजही तयार करतात, हे दाखवण्यात आले. त्यांच्या भाषेत तिला 'एगेपे' म्हणतात. कसावा म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. त्याचे मूळ स्थान अॅमेझॉनच्याच परिसरातले.

हे सारे केवळ इतिहासाच्या अभ्यासकांच्या आस्थेचे विषय असते, तर प्रश्न नव्हता. पण 'निर्जन अरण्य' या कल्पनेला ब्राझीलमध्ये राजकीय किंमत आहे. १९७० मध्ये तेथील लष्करी राजवटीने अॅमेझॉनला छेदणारा महामार्ग हाती घेतला, तेव्हा 'माणसे नसलेली जमीन, जमीन नसलेल्या माणसांसाठी' अशी घोषणा दिली होती. अलीकडचा वाद तारखेचा आहे. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे ब्राझीलची राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, जी जमीन आदिवासींच्या ताब्यात होती तीवरच त्यांना हक्क सांगता येईल, असा जमीनदारांच्या बाजूचा युक्तिवाद. ज्यांना त्याआधीच हुसकावून लावले, त्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला; त्याच वर्षअखेरीस संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून काढत नेमका तोच कायद्यात घातला. आपल्याकडील २००६ च्या वनहक्क कायद्यातही १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, आणि त्याखालील दाव्यांसाठी जीपीएसची मोजणी वापरली गेली आहे. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत ज्यांनी ही कागदपत्रे केली, त्यांना अशा तारखेचे वजन सांगायला नको.

म्हणूनच काही जमातींनी नकाशाचे तंत्र स्वतःच हाती घेतले. रोंदोनिया प्रांतातील पैतेर सुरुई जमातीचा बाहेरच्या जगाशी संबंध १९६९ मध्ये आला आणि लवकरच साथींमुळे तिची संख्या काही शेकड्यांवर आली. जमातीचे प्रमुख अल्मिर सुरुई यांनी गूगल अर्थ पाहिले, त्यात आपल्या सुमारे अडीच लाख हेक्टरांच्या हिरव्या प्रदेशाला चहूबाजूंनी भिडलेली तोड पाहिली आणि २००७ मध्ये ते थेट गूगलकडे मदत मागण्यास गेले. तरुणांना प्रशिक्षण मिळाले. शिकारीच्या जागा, जुन्या लढायांची ठिकाणे नकाशावर आली. बेकायदा तोडीची छायाचित्रे स्थळासह नोंदवली जाऊ लागली. पुढे जंगल राखल्याबद्दल कार्बन पत विकण्याची योजनाही उभी राहिली. ती मात्र बेकायदा तोड आणि खाणकाम यांपुढे टिकली नाही आणि २०१८ मध्ये स्थगित झाली. नकाशा चोर दाखवतो. चोराला पकडायला सरकार लागते.

नकाशाची दुसरी बाजूही आहे. जे स्थळ संशोधकाला दिसते ते लुटारूलाही दिसू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी, मूळात जंगलातील लाकूडसाठा मोजण्यासाठी केलेल्या ५,३१५ चौरस किलोमीटरच्या लायडार पाहणीत २४ अज्ञात मातीकामे शोधली. त्यावरून संपूर्ण अॅमेझॉनमध्ये अशी दहा हजारांहून अधिक स्थळे अजून दडलेली असावीत, असा अंदाज त्यांनी वर्तवला. संख्याशास्त्रीय अंदाज म्हणूनच तो घ्यावा. पण त्याच्या निम्मी जरी स्थळे निघाली, तरी ती कोणाच्या परवानगीने नकाशावर येणार, हा प्रश्न उरतोच. साओ पाउलो विद्यापीठाचे एदुआर्दो नेव्हेस यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पात उड्डाणापूर्वी त्या त्या समाजाची संमती घेतली जाते. सापडलेले स्थळ पुरातत्त्वीय म्हणून नोंदले गेले, की १९६१ च्या कायद्याचे संरक्षण त्याला मिळते आणि पर्यायाने त्यावरील जंगलालाही.

आक्रे प्रांताला ही संधी उशिरा मिळाली. तेथे चौकोन आणि वर्तुळांच्या साडेचारशेहून अधिक खंदकाकृती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक आधी विमानातून आणि मग उपग्रह छायाचित्रांत दिसल्या त्या लेझरविना, गुरांच्या कुरणांसाठी वरचे जंगल कापून टाकल्यामुळे. काहींच्या तर मधूनच महामार्ग गेला आहे.