मोटारीचा उंबरा

श्रोतेहो, कुणाच्या दारी जुनी फियाट उभी असेल, तर दरवाजा उघडून त्याच्या उंबऱ्याखाली जरा बोट दाबून पाहा. पत्रा कुरकुरला, तर गंजाने घर केले म्हणून समजा. ‘लांबी भरू, रंग मारू, झाले!’ असे पुष्कळजण म्हणतात. तिथेच ते चुकतात. का, ते मोटारीचा इतिहास सांगतो.

पहिल्या मोटारी बैलगाडीसारख्या होत्या. ताट्या काढल्या तरी बैलगाडी चालतेच ना? तसा त्यांचा सारा भार खालच्या लोखंडी सांगाड्यावर असे. पुढे १९३४ साली फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने पत्रेच एकमेकांना वेल्डिंगने जोडून मोटार काढली. वेगळा सांगाडा गेला. १९५३ ची इटलीची फियाट ११०० ह्याच जातीची, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली ‘पद्मिनी’ तिचीच लेक. २०२३ साली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली.

अशा गाडीचा उंबरा म्हणजे तिचा कणाच. लांबी भार सोसत नाही.

म्हणून घरी काम काढाल, तर चकचकीत लोखंड लागेपर्यंत कुजका पत्रा कापा. तेवढाच नवा पत्रा बसवून दूरदूर टाके घाला. एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्या. सलग ओढलात, तर पातळ पत्रा तापून वाकतो. आधी बॅटरीची तार सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. रिकाम्या टाकीतली वाफही भडकते. डोळ्यांवर काळी काच हवीच. शेवटी आतूनबाहेरून गंजरोधक रंग द्या.

गंज झाकू नका मंडळी, कापून काढा. गाडीत बसणारी माणसे आपलीच असतात.