एका संग्राहकाचे दान : केळकर संग्रहालय व सार्वजनिक उत्तरदायित्व

खाजगी संग्रह सार्वजनिक मालकीचा होतो तेव्हा वस्तूंचा केवळ धनी बदलतो, की त्यांचा अर्थही बदलतो, हा प्रश्न महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहालयांच्या अभ्यासकास टाळता येण्याजोगा नाही. त्याचा विचार करण्यास पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच आढळेल.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने काव्यलेखन करीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. १९६० पर्यंत त्यांची संख्या सुमारे १५,००० झाली होती. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली व बालवयात निवर्तलेल्या राजा ह्या पुत्राचे नाव त्यास देण्यात आले. १९७५ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे २,५०० प्रदर्शनात मांडलेल्या आहेत.

संख्येपेक्षा संग्रहाचे स्वरूप अधिक महत्त्वाचे आहे. औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात चित्र व शिल्प ह्या कलांना अग्रस्थान आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) लाभलेल्या रतन व दोराबजी टाटा ह्यांच्या संग्रहांतून देशोदेशींच्या कलाकृतींविषयीची अभिरुची दिसते. केळकरांनी मात्र दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती, वज्र्या, वाद्ये, कोरीव दारे अशा नित्य वापरातील वस्तू वेचल्या. अशी वस्तू एकटी पाहिली तर तिचे मोल अल्प भासते. परंतु अनेक अडकित्ते शेजारी मांडले, म्हणजे कारागिराची कल्पकता व घरोघरची रसिकता प्रकट होते. म्हणून ह्या संग्रहाची एकसंधता हेच त्याचे खरे मूल्य होय. तो विखुरला असता, तर वस्तू उरल्या असत्या, पण पुरावा नष्ट झाला असता.

तथापि सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप संरक्षण नव्हे. मुंबईचे १८७२ मध्ये खुले झालेले व पुढे नगरपालिकेकडे आलेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ह्याची साक्ष देते. १९७५ मध्येच त्यास डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव देण्यात आले; परंतु नामांतराने वास्तूची दुरवस्था थांबली नाही. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व इन्टॅक ह्यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, तेव्हा जीर्णोद्धारास निश्चित दिशा मिळाली आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. दात्याची उदारता एका क्षणाची असते. जतनाचा भार मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाहावा लागतो.

ह्या विवेचनाचा संबंध केवळ महानगरांशी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी उद्या एखाद्या गृहस्थाने आपला संग्रह नगरपरिषदेस देऊ केला, तर इमारतीच्या आधी तीन गोष्टींचा निर्णय व्हावयास हवा : प्रत्येक वस्तूचे स्थळ, उपयोग व प्राप्तीचा वृत्तान्त दात्याच्या हयातीतच लिहून घेणे, संग्रह अखंड ठेवण्याची अट करारात घालणे, आणि जाणकार सेवकवर्गासाठी कायम तरतूद करणे. ह्यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत निकडीची आहे. पैसा पुढेही उभा करता येतो. संग्राहकाच्या स्मरणात असलेली माहिती त्याच्याबरोबर लोपते, आणि मागे केवळ मुक्या वस्तू राहतात.