एक डोके, चार हरणे

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरले की बहुतेक मंडळी थेट आत जातात. पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र पाहावयाचे असते आणि वेळ थोडा असतो. त्यामुळे तेथील एका स्तंभाच्या माथ्यावर कोरलेली चार हरणे पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. धडे चार, पण चौघांत मिळून डोके एकच. कोणत्याही एका धडावरून नजर वर न्यावी, तर ते डोके नेमके त्याच हरणाचे वाटते. वाटाड्या हे शिल्प एक गंमत म्हणून दाखवतो, आणि गंमत तर ती आहेच. परंतु ज्या कारागिराने ती केली, त्याला हरीण कसे बसते, उठताना कसे रेलते आणि मान कशी फिरवते हे तोंडपाठ असले पाहिजे. डोके एका जागी धरून धड चार ठिकाणी ठेवून पाहणे हे काम रानात हरणांसमोर कितीतरी वेळ बसल्यावाचून साधणारे नव्हे.

चित्रे हालती करण्याच्या ज्या विद्येला आज आपण सर्रास ॲनिमेशन म्हणतो, तिचे पहिले पाठ कसे दिले जातात याविषयी आपल्या मनात काही गैरसमज आहेत. यंत्र घ्यावे, बटणे शिकावीत, की चित्र चालू लागते, असे पालकांना वाटते. मुलांनाही तसेच वाटते. वास्तविक पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला चौदाशे चाळीस. एक चित्र दोन-दोन चौकटी टिकवले, तरी मिनिटाला सातशे वीस चित्रे लागतात. त्यांतील प्रत्येक चित्रात हरीण थोडे थोडे पुढे सरकले पाहिजे, आणि तरीही ते हरीणच राहिले पाहिजे. हे ज्ञान यंत्रात नसते. म्हणून ही विद्या शिकवणाऱ्यांनी आरंभापासून विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल देऊन वर्गाबाहेर पाठवले. त्या बाहेर पाठवण्याचा एक जुना अध्याय आपल्याच जिल्ह्यात घडला आहे, आणि त्याचीच हकीकत आम्हांला येथे सांगावयाची आहे.

आधीच एक खुलासा करतो. अजिंठा हे जगातील पहिले ॲनिमेशन होय, असे हल्ली कोणी कोणी उत्साहाने सांगतात. आम्ही त्या पंक्तीत बसत नाही. भिंतीवरचे चित्र हालत नाही. हालतो तो पाहणारा. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र तीन ठिकाणी येतो, आणि आपण चालत चालत कथा जुळवतो. एवढे नाते पुरेसे आहे. ते ओढूनताणून वाढवण्याचे कारण नाही.

१८१९ साली मद्रास फौजेतील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघोरा नदीच्या खोऱ्यात शिकारीला आला आणि लेणी पुन्हा जगासमोर आली. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यास चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. गिल आणि पारो यांची कथा श्रोत्यांनी ऐकलेली असेल, म्हणून ती येथे सांगत नाही. त्याच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाचे काय झाले, ते मात्र सांगितले पाहिजे. त्याची बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि ती जळाली.

त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते १८६५ पासून शिकवीत होते. १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते अजिंठ्याला येऊ लागले, आणि हे काम मधे खंड पडत १८८५ पर्यंत चालले. गिल एकटा होता. येथे मात्र अख्खा वर्ग होता. पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावाजलेला पारशी चित्रकार त्या वर्गात होता. मुंबईच्या शाळेत ह्या मुलांपुढे युरोपातून आणलेल्या प्लास्टरच्या मूर्ती असत. त्या पांढऱ्या, निश्चल मूर्तींवरून छाया-प्रकाश शिकावयाचा असे. अजिंठ्यात त्यांना पहिल्यांदाच अशी चित्रे भेटली की, ज्यांत माणसे आपल्यासारखी बसतात, हात आपल्यासारखा हलवतात. भारतीय विद्यार्थ्याला शिकण्यासाठी यापेक्षा उत्तम नमुने मिळणार नाहीत, असे ग्रिफिथ्स यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. येथील पक्षी खरोखर झेपावतात आणि पशू खरोखर उडी घेतात, अशा आशयाचे त्यांचे वर्णन आहे. स्थिर भिंतीवर त्यांना गती दिसली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या वर्गाचे भाग्यही गिलसारखेच निघाले. मुंबईहून लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच आज तेथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंड निघाले, म्हणून कामाचे काही मोल पदरात पडले. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नक्कल घेताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासण्यात आले. ते पुढे पिवळे पडले आणि चित्रे झाकोळली. निजामाच्या राजवटीत १९२० नंतर इटालियन तज्ज्ञ आणून सफाई करवली, तेव्हा पुन्हा लाखेचा लेप चढला, आणि तोही काळवंडला. ज्या भिंतीपाशी विद्यार्थी शिकले, तिला त्या शिक्षणाची किंमत मोजावी लागली. गुरुदक्षिणा उलट्या दिशेने वसूल झाली, असेच म्हणावे लागते.

१९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे वेंकटप्पा अशी तरुण मंडळी होती. हैदराबादहून सय्यद अहमद आले. ह्या तरुणांनी रंगापेक्षा रेषा उचलली, हा आमच्या मते ग्रिफिथ्सच्या वर्गात आणि ह्या वर्गात मोठा फरक आहे. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांना भिंत जशीच्या तशी, तिच्या पोपड्यांसह उतरवावयाची होती. नंदलालांनी रेषा घरी नेली. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिक्षक झाल्यावर ते विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढीत. संथाळांची वस्ती, झाडे, चरणारी गुरे ही त्यांची पाठ्यपुस्तके होती. स्वतः ते खिशात कोरी कार्डे बाळगून जाता-येता रेखाटने करीत.

नक्कल आणि निरीक्षण यांतला भेद येथेच उघड होतो. नक्कल करणारा चित्र वाचवतो, आणि ते काम थोर आहे. परंतु हरणाची चाल त्याला नकलेतून मिळत नाही. ती हरणाकडूनच घ्यावी लागते.

आता एका योगायोगाकडे वळू. ज्या १८८५ साली अजिंठ्याचे काम संपले, त्याच साली त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा जे. जे. मध्ये दाखल झाला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला आणि छायाचित्रण पक्के केले. दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधीचा त्यांचा वाटाणा फारसा कोणी आठवत नाही. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोवून, रोज थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. महिन्याहून अधिक काळची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, आणि तो दाखवूनच त्यांनी १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल उभे केले. नंतर ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवल्या. रोज त्याच वेलीसमोर बसून ती कालच्यापेक्षा किती हलली हे पाहणे, म्हणजेच ॲनिमेशनचा अभ्यास.

हाच अभ्यास पुढे सातासमुद्रापलीकडे एका कारखान्यात शिस्तीने सुरू झाला. वॉल्ट डिस्नेने १९३२ पासून आपल्या चित्रकारांसाठी डॉन ग्रॅहम या शिक्षकाचे वर्ग सुरू केले; त्यांत प्राणिसंग्रहालयात बसून रेखाटने करणेही होते. ‘बँबी’ ह्या १९४२ सालच्या हरणाच्या चित्रपटासाठी तर मेन प्रांतातून दोन पाडसे स्टुडिओत आणून ठेवली होती. रिको लेब्रून नावाचा चित्रकार शरीररचना शिकवी. एका मेलेल्या पाडसाचे एकेक पटल उलगडून तो रोज वर्ग घेई, आणि दुर्गंधीमुळे वर्गातील हजेरी दिवसेंदिवस रोडावत गेली, अशी आठवण तेथल्या मंडळींनी सांगितली आहे. आमच्या वाचनातील शिक्षणाच्या हकीकतींत याहून खरी हकीकत दुसरी नाही.

त्या डिस्नेकडचा एक चित्रकार, क्लेअर वीक्स, १९५६ साली अमेरिकी तांत्रिक साहाय्यातून मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला. मिशनरी आईबापांचा हा मुलगा हिंदुस्थानातच जन्मला होता. नव्या कार्टून विभागातील तरुणांना त्याने धडे दिले. त्यांत गो. के. गोखले होते आणि राम मोहनही होते. पुढे राम मोहन यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणू लागले. १९५७ साली ह्या विभागाने ‘द बनियन डियर’ हा लघुपट केला. न्यग्रोधमृग जातकाची ती कथा. हरणांच्या दोन कळपांतून राजाच्या मुदपाकखान्यासाठी पाळीपाळीने एकेक जनावर जाई. एके दिवशी गाभण हरिणीची पाळी आली, तेव्हा मृगराज स्वतः तिच्या जागी ठोकळ्यावर मान ठेवून उभा राहिला. ह्या चित्रपटासाठी चित्रकारांनी वळण घेतले ते अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे.

असे एक वर्तुळ पुरे झाले खरे. परंतु ते नीट जुळले का? वळण अजिंठ्याचे, चाल मात्र डिस्नेची, अशी त्या चित्रपटाची गत झाली, असे आम्हांला वाटते. हा दोष त्या तरुणांच्या हाताचा नव्हे. हाताशी दीड-दोन वर्षे, गुरू परदेशी, आणि समोर बँबीचा यशस्वी नमुना. तेव्हा रेषा घरची घेता आली, हालचाल घेता आली नाही. राम मोहन यांना आपली स्वतःची चाल सापडावयास आणखी काळ लागला. १९६७ च्या ‘होमो सॅप्स’ मध्ये ती दिसते. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, आणि राम मोहन २०१९ सालीच गेले. वर्तुळाचे हे राहिलेले बोटभर अंतर अजून मोकळेच आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात आता ॲनिमेशनचे वर्ग भरतात, सुटीत मुलांच्या कार्यशाळा होतात. अशा कार्यशाळेने पहिल्या दिवशी मुलांना पाणचक्कीवर न्यावे. भिंतीवरून कोसळणारे पाणी क्षणभरही एका आकारात थांबत नाही, म्हणून ते नुसते पाहून काढावयाचे असेल तर खोडरबर निरुपयोगी ठरते. दुसऱ्या दिवशी गुलमंडीवर एक हातगाडी निवडावी. ढकलणारा माणूस चढावर किती वाकतो आणि उतारावर किती मागे रेलतो, हे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या रेखाटनांत टिपावे. तीच चित्रे वहीच्या कोपऱ्यांत क्रमाने उतरवून पाने भराभर सोडली, की गाडी चालते. एवढ्याला वीजही लागत नाही. मग वेरूळला कैलास लेण्यात रावण डोंगर हलवतो ते शिल्प आहे, त्यासमोर बसावे. पार्वती शंकराचा हात घट्ट धरते, दासी पाठ फिरवून पळत सुटते आणि शंकर मात्र पायाने डोंगर हलकेच दाबून स्वस्थ बसलेला. एकाच धक्क्याला तिघांनी दिलेली ही तीन उत्तरे एखाद्या मुलाने ओळखून काढली, तर त्याला पात्र म्हणजे काय ते कळले.

अजिंठा शेवटी ठेवावा. शहरापासून ते सुमारे शंभर किलोमीटर आहे, तेव्हा पहाटेच निघावे. सोमवारी लेणी बंद असतात, आणि वेरूळची मंगळवारी. आत उजेड बेताचा असतो आणि चित्रांवर झोत टाकावयाचा नाही, म्हणून पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत मुलांना पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहू द्यावे. मग वही उघडून आधी त्या खांबावरची चार हरणे काढावयास लावावीत, आणि ती काढून झाली की पाचवे धड कोठे बसेल, एवढे विचारावे.