परसातील उकिरड्यापासून सदनिका-संकुलापर्यंत : वर्धा जिल्ह्यातील घरगुती कचऱ्याच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), पिपरी, नालवाडी या गावांच्या शिवारांत गेल्या काही दशकांत शेते जाऊन अभिन्यास पडले आणि त्यांवर सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतील कचरा हा घंटागाडीचा, म्हणजे निव्वळ प्रशासकीय व्यवस्थेचा प्रश्न आहे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ज्या सिंदी गावाच्या परिसरात आज हा प्रश्न उभा आहे, त्याच गावात १९३५ मध्ये मगनवाडीतील कार्यकर्ते रोज सकाळी बादल्या घेऊन सफाईसाठी जात होते. वर्धा जिल्ह्यात त्या काळात जे प्रयोग झाले त्यांना दोन अंगे होती. कचऱ्याचे खत कसे करावे हे एक, आणि कचरा कोणी उचलावा हे दुसरे. पुढील काळातील कायद्यांनी पहिल्या अंगाचा स्वीकार केला, दुसरे मात्र बाजूला राहिले. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा एकत्रित विचार करावयाचा आहे.

परस आणि उकिरडा

जुन्या वैदर्भीय घरात कचरा 'टाकण्याची' स्वतंत्र व्यवस्था नव्हती, कारण तिची गरज नव्हती. उष्टे-खरकटे जनावरांपुढे जाई. शेण, राख, केर आणि गोठ्यातील तुडवलेले गवत उकिरड्यावर पडे. आणि पावसाळ्यापूर्वी ते खत बैलगाडीने शेतात जाई. ही व्यवस्था फार आदर्श होती असे समजण्याचे कारण नाही. उघड्या उकिरड्यावर माश्या होत, पावसात खताचा कस वाहून जाई, आणि मानवी मैल्याची विल्हेवाट तर गावोगावी आणि शहरोशहरी विशिष्ट जातींच्या माथी मारलेली होती. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कचऱ्याचे उगमस्थान आणि त्याचे अंतिम ठिकाण यांत फार अंतर नव्हते. ज्याचा उकिरडा, त्याचेच शेत.

या देशी पद्धतीला शास्त्रीय रूप देण्याचे काम इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात झाले. अल्बर्ट हॉवर्ड यांच्यासमवेत यशवंत वाड हे त्या कामात होते आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. 'इंदूर पद्धत' म्हणताना आपण केवळ हॉवर्ड यांचे नाव घेतो, ही सवय सोडली पाहिजे. कोरडा पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर, त्यांत बेताचा ओलावा, ठरावीक दिवसांनी वरखाली करणे आणि सुमारे तीन महिन्यांत तयार होणारे खत, असे या पद्धतीचे स्वरूप होते. कापसाच्या संशोधनाशी ही संस्था निगडित असल्यामुळे पऱ्हाटीचा प्रश्न तेथेही होता. कठीण पऱ्हाट्या प्रक्षेत्रावरील रस्त्यांत पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग खतात घालीत. हिंगणघाट-आर्वीच्या कापूसपट्ट्याला ही युक्ती किती जवळची होती, हे वेगळे सांगावयास नको.

मगनवाडी, सिंदी, सुरगाव

१९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे कार्यालय आले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी चिटणीसपद सांभाळले. इंदूर पद्धतीची माहिती गांधीजींनी १९३५ मध्ये 'हरिजन'मधून वाचकांपुढे ठेवली. त्याच वर्षी सिंदीतील सफाईचे काम सुरू झाले. महादेवभाई देसाई आणि इतर सहकारी त्यात होते. मीराबेन तर काही काळ सिंदीत राहावयास गेल्या. ग्रामस्थांचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे मिळाला नाही. दुसरे कोणी उचलणार असेल तर आपण का बदलावे, ही वृत्ती तेथे स्पष्टपणे दिसली. पुढे १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले.

नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी मृत जनावरांच्या कातड्याचे काम हाती घेतले. विनोबा १९४६ पासून १९४८ च्या प्रारंभापर्यंत पवनारहून खांद्यावर फावडे टाकून सुरगावला सफाईसाठी जात राहिले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मागितला आणि तो नाकारला गेल्यावर उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग चालविले.

या प्रयत्नांची एक मर्यादा मात्र अभ्यासकाने नजरेआड करू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात सफाईच्या कामाला उदात्त ठरविण्यावर कठोर टीका केली. ज्या कामाची सक्ती जन्मावरून होते, त्याचे गौरवगान केल्याने ती सक्ती सुटत नाही, हा त्या टीकेचा रोख होता, आणि तो योग्यच होता. स्वेच्छेने फावडे घेणारा फावडे खाली ठेवू शकतो. परंपरेने ज्याच्या हाती ते दिले गेले त्याला ती मोकळीक नव्हती. तथापि उच्चवर्णीय कुटुंबाने स्वतःची घाण स्वतः उचलावी, ही सिंदी-सुरगावची मागणी या टीकेनंतरही शिल्लक राहतेच.

मजल्यावरचे घर

बहुमजली वस्तीचा अनुभव महाराष्ट्रात प्रथम मुंबईला आला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. दोन इमारतींमधील अरुंद घरगल्ली ही सफाईसाठी ठेवलेली वाट होती, परंतु वरच्या मजल्यांवरून फेकलेला कचरा तिच्यातच साचत गेला. संपन्न वस्तीतील जुन्या इमारतींत मागील बाजूस लोखंडी गोल जिना असे. सफाई कामगाराने त्याच जिन्याने वर यावे आणि त्याच जिन्याने खाली उतरावे, अशी ती रचना. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात तर 'हलालखोर कर' याच नावाचा कर होता. गावात परसामागे असलेला भेद शहरात असा नकाशात आणि करपावतीत शिरला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, १९६३ चा मालकी सदनिकांचा अधिनियम आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी अधिनियम यांमुळे सदनिका हा मालकीचा प्रकार झाला. जमीन मात्र सामाईक राहिली, आणि सामाईक जमिनीवरील कचरा कोणाचाच राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये दाखल झालेल्या अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेनंतर २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी त्यांची व्याप्ती जनगणनेतील नगरांपर्यंत वाढविली. ज्यांचा दैनिक कचरा सरासरी १०० किलोंहून अधिक, त्यांना 'मोठे उत्पादक' ठरविले. शिवाय ५,००० चौरस मीटरांहून मोठ्या बंदिस्त संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, असे सांगितले.

पुण्याने प्रश्नाचे दुसरे अंगही हाताळले, हे नमूद केले पाहिजे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्यांना ओळखपत्र आणि घरटी ठरलेले शुल्क मिळू लागले. वर्ध्याच्या सफाईत सेवाभाव होता. येथे मोबदला आणि संघटना आली.

वर्ध्यातील संकुले : एक हिशेब

लहान शहरांत माणशी दररोज सुमारे ३०० ग्रॅम कचरा धरला आणि ४० सदनिकांच्या इमारतीत १६० माणसे मानली, तर दिवसाचा कचरा ४८ किलो होतो. १०० किलोंची मर्यादा गाठण्यास ८० हून अधिक सदनिका लागतात. म्हणजे वर्ध्यासारख्या गावातील मध्यम आकाराची इमारत २०१६ च्या वजनाच्या निकषाबाहेरच राहत होती. महानगराकडे पाहून आखलेली रेषा जिल्ह्याच्या गावी किती वर पडते, हे यावरून दिसून येते. त्यातच या वस्त्यांपैकी काही जनगणनेच्या दृष्टीने नगरे असल्या तरी त्यांचा कारभार ग्रामपंचायतीचा.

जागा नाही, ही सबब मात्र टिकत नाही. वरील इमारतीचा ओला कचरा निम्मा धरल्यास तो दिवसाला २४ किलो, म्हणजे तीन महिन्यांचा सुमारे २,१६० किलो होतो. त्यासाठी तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा एक खड्डा पुरतो. एक भरत असताना दुसरा मुरत राहावा म्हणून दोन घेतले, तरी त्यांना लागणारी नऊ चौरस मीटर जागा एका चारचाकीच्या वाहनतळाहून कमीच भरते. दुर्गंधीची तक्रार होते ती बहुधा नुसता ओला कचरा कोंडल्यामुळे. त्यात कोरडा पाला आणि माती हवी, आणि तो पाला तर आपण आवारात झाडून पेटवून देतो. पऱ्हाटीचा भुसाही या जिल्ह्यात दुर्मीळ नाही.

खरी अडचण खड्डा वरखाली करण्याची आहे. ते काम पगारी कामगाराकडे सोपवावयाचे असेल, तर त्याला हातमोजे, ठरलेली मजुरी आणि पुढच्या जिन्याने येण्या-जाण्याचा हक्क द्यावा लागेल. ते रहिवाशांनी स्वतः करावयाचे असेल, तर पाळी लावावी लागेल. बादली नेऊन रिकामी करणे, पाला पसरणे आणि गरजेनुसार फावडे मारणे, एवढे काम एका दिवशी एका घराने केले, तर चाळीस सदनिकांच्या इमारतीत ती पाळी प्रत्येक घराकडे वर्षातून नऊ वेळा येते.